हिरव्या गाडीला तिसरं इंजिन

कळंबच्या नानांच्या गोठ्यात कडब्याच्या ढिगाखाली मोटार आहे, हे हिंदुराव देवकात्यांना एका कोंबडीमुळं कळलं.

हिंदुराव पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं त्यांनी कालवे आणि मोऱ्या कागदावर उतरवल्या होत्या, त्यामुळं ओळखीपाळखीत कुणी घर बांधायला काढलं की नकाशासाठी बोलावणं बारामतीत त्यांनाच यायचं. नानांकडंही ते त्याच कामाला गेले होते. टेप लावून गोठ्याची भिंत मोजत असताना कडब्यातून एक कोंबडी केकाटत बाहेर आली. नानांनी अंडं काढायला आत हात घातला, तर टण्णकन आवाज झाला. कडबा असा वाजत नाही, एवढं हिंदुरावांना शेती सोडून चाळीस वर्षं झाली तरी आठवत होतं.

"नाना, आत काय आहे हो?"

"मोटार हाय," नाना अंडं पुसत म्हणाले. "कारखान्यावर एक गोरा सायब व्हता, त्याची. जाताना आमच्या म्हाताऱ्याला दिऊन गेला."

तासभर कडबा उपसल्यावर खालून जे निघालं ते बघून हिंदुराव जमिनीवर उकिडवेच बसले. बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटांची विलायती स्पोर्ट्स कार. साल बावन्न. चाकांना सायकलसारख्या तारा, दोन गोल दिवे आणि डोक्यावर टप नाही. दारं इतकी खाली की बसल्या बसल्या हात सोडला तर बोटाला माती लागावी. शेणाचा पोपडा काढला तर खालून गडद हिरवा रंग. हिंदुरावांनी बॉनेट उचललं. आत आणखी चार अंडी होती. इंजिन नव्हतं.

"इंजिन चांगलं व्हतं, म्हून काढलं," नानांनी खुलासा केला. "गुऱ्हाळाला जोडलं. धा वरीस ऊस पिळला बगा त्यानं. गाडी काय कामाची न्हवती, म्हून ती ऱ्हायली."

नकाशाच्या बदल्यात गाडी घेऊन जा, कडब्याला जागा होईल, असं नानाच म्हणाले. हिंदुरावांनी मोह आवरायला हवा होता. पण शहाण्णव सालचा सप्टेंबर चालू होता, आणि येत्या एकतीस जानेवारीला त्यांच्या पत्नी विजयमालाबाई पिंपळीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होणार होत्या.

या दोन गोष्टींचा संबंध काय, हे हिंदुरावांनी कुणाला सांगितलं नाही. संबंध असा, की दोन वर्षांपूर्वी ते स्वतः निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना जीपमधून घरी पाठवलं होतं. गल्लीत जीप वळणार नाही म्हणून ड्रायव्हरनं कोपऱ्यावरच सोडलं. हातात नारळ आणि काखेत घड्याळ घेऊन हिंदुराव कोपऱ्यापासून घरापर्यंत चालत आले, आणि तेवढ्या शंभर पावलांत तीन जणांनी विचारलं, "घड्याळ दुरुस्तीला न्यायलाय का?" तेव्हापासून त्यांच्या मनात एक काटा होता. आपलं झालं ते झालं, बायकोचं तसं होऊ द्यायचं नाही.

नानांच्या ट्रॅक्टरला दोरी बांधून गाडी बारामतीत दारात आली. गल्ली गोळा झाली. विजयमालाबाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, खांद्याला पिशवी तशीच.

"एकतीस जानेवारीला तुला शाळेतून घ्यायला मी येणार," हिंदुरावांनी जाहीर केलं. "ह्या गाडीतून."

बाईंनी गाडीला एक फेरी मारली. उघड्या बॉनेटमध्ये डोकावल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, मी आपली रोजच्या एस.टी.नंच येईन. तिला इंजिन असतं."

शेजारचे बापूसाहेब तिथं होतेच. बापूसाहेब एका पतसंस्थेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची स्वतःची स्कूटर आडवी करून झोपवल्याशिवाय सुरू व्हायची नाही, पण त्यामुळं यंत्रांविषयीचा त्यांचा आत्मविश्वास कमी झालेला नव्हता. "माझं ऐकाल तर हिंदुराव," ते म्हणाले, "हिच्यात माती भरा आणि झेंडू लावा. दसऱ्याला उपयोगी पडेल."

हिंदुरावांनी ऐकलं नाही. त्यांनी आधी विलायतेला, गाडी बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. आरेखकाच्या मोत्यासारख्या अक्षरात, सोबत चारी बाजूंनी गाडीचा नकाशा काढून. महिन्याभरानं उत्तर आलं: गाडी अजून आहे हे वाचून आनंद झाला, इंजिन मात्र आमच्याकडंही नाही, नकाशा फार सुंदर आहे, भिंतीवर लावला आहे. हे पत्र त्यांनी बापूसाहेबांना फक्त शेवटच्या वाक्यापुरतं वाचून दाखवलं.

मग ते इंदापूरला धम्मदीपकडं गेले. धम्मदीपचं हायवेला गॅरेज होतं. कळंबचाच माणूस. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीत जन्मलेला हा पहिला मुलगा, म्हणून आजोबांनी हौसेनं नाव ठेवलेलं. पुढं कळंबच्याच शाळेत पहिलीला तो विजयमालाबाईंच्या वर्गात बसला. आता चाळिशीला टेकला होता. सोलापूरकडं जाणारे ट्रक त्याच्यापुढं लहान पोरांसारखे रांगेत उभे असायचे.

त्यानं आधी साफ नाही म्हटलं. हातात पाना, डोकं ट्रकखाली. "आबा, आमी ट्रकवालं. असली खेळणी आमाला जमायची न्हाईत."

"बाईंना आणायला जायचंय," हिंदुराव म्हणाले. "रिटायर होतायत."

ट्रकखालचा पाना थांबला. धम्मदीप सरपटत बाहेर आला. "आमच्या बाई? रिटायर?" त्यानं हात पुसले. "मग आसं करू. मूळ इंजिन काय मिळायचं न्हाय. पर इंजिन म्हंजी इंजिन. गाडीला काय कळतंय, कुणाचं हाय ते?"

हे त्याचं तत्त्वज्ञान होतं, आणि पुढच्या साऱ्या रामायणाचं मूळ तेच.

पहिलं इंजिन नानांनीच दिलं. विहिरीवर विजेची मोटार बसल्यापासून त्यांचं जुनं डिझेल इंजिन पडून होतं. एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू होणारं, आयुष्यभर पाणी उपसलेलं. धम्मदीपनं ते पट्टा लावून गाडीत बसवलं. धुराडं बॉनेटला भोक पाडून वर काढावं लागलं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी अंगणात बापूसाहेबांनी मानाचं हँडल मारलं आणि इंजिन लागलं. पुक. पुक. पुक.

इंजिन मुळात सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळून ठेवायचं असतं. इथं ओटा नव्हता, तेव्हा जे जे मोकळं होतं ते सगळं हललं. दिवे माना डोलवायला लागले. आरसा आपला आपण फिरून आकाश दाखवू लागला. हिंदुरावांचा चष्मा नाकावरून ओठावर आणि ओठावरून मांडीवर आला. "ब-ब-बंद क-क-कर रे," असं ते म्हणत होते, पण धम्मदीपला वाटलं ते आनंदानं हसतायत.

हा आवाज गल्लीच्या चांगल्या ओळखीचा होता. त्या दिवसांत वीज सारखी जायची, आणि ती गेली की कोपऱ्यावरचा गिरणीवाला असंच डिझेल इंजिन लावायचा. नेमकी त्या सकाळीही वीज गेलेली. दहा मिनिटांत पलीकडच्या छबूबाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन फाटकात उभ्या राहिल्या.

"दळण बारीक द्या हो हिंदुराव. आन् गव्हाच्या मागनं टाकू नका, चिकाट हुतंय."

"छबूबाई, ही गिरणी नाही. गाडी आहे."

छबूबाईंनी गाडी न्याहाळली. "बरं," त्या म्हणाल्या, "माझा डबा हितं ठिवते. सुरू झाली की सांगा." त्यांच्यामागं आणखी चौघी येऊन बसल्या. ओळीनं पाच डबे. विजयमालाबाई चहा घेऊन बाहेर आल्या, डबे मोजले आणि पाच कप जास्तीचे आणायला परत आत गेल्या. हे डबे मोजणं हिंदुरावांना फार लागलं.

पण खरा अपमान पुढंच होता. इंजिन बदललं की गाडीच्या पुस्तकात तशी नोंद लागते. मोटार इन्स्पेक्टर कॅम्पला विश्रामगृहावर आले तेव्हा हिंदुराव कोट घालून, पुक पुक करत, सायकलवाल्यांच्या मागून तिथं पोचले. इन्स्पेक्टर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नानांच्या वडिलांनी पत्र्याच्या डब्यात जपलेलं पुस्तक काळजीपूर्वक उघडलं.

"पेट्रोल. चार सिलिंडर," त्यांनी वाचलं. मग बॉनेटमध्ये बघितलं. "इथं एकच दिसतोय. बाकीचे तीन?"

"गुऱ्हाळात," हिंदुराव म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. "देवकातेसाहेब, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो. हा पंपसेट आहे. ह्याची नोंद मी मोटार म्हणून केली, तर उद्या लोक विहिरी पासिंगला आणतील."

रांगेतले ट्रकवाले हसले. हिंदुराव हसले नाहीत. तेहतीस वर्षं त्यांनी काढलेल्या एकाही नकाशावर कुणी हसलं नव्हतं. परत येताना ते मुद्दाम आडरस्त्यानं आले, पण त्या इंजिनानं आडरस्ता धरला तरी गावाला कळायचंच. वाटेत दोघींनी डबे दाखवले.

दुसरं इंजिन धम्मदीपनं सहा सीटांच्या डुगडुगीचं आणलं. त्या वेळी बारामती-इंदापूर रस्त्यावर या डुगडुग्या नव्यानंच झाल्या होत्या. नावाला सहा सीटा, आत माणसं बारा. "पंपापरास हलकं, आन् निदान रस्त्याची सवय असल्यालं," असं धम्मदीपचं म्हणणं. गाडी ओढून इंदापूरला नेली, आठवड्यात इंजिन बसलं आणि हिंदुराव एकटेच ती चालवत बारामतीला निघाले. हादरे कमी होते. वाऱ्यानं केस उडत होते. जे होते ते. कळंबपर्यंत त्यांना वाटत होतं, आपण पंचवीस वर्षांचे आहोत.

कळंबच्या फाट्यावर साखरबाई नावाच्या म्हातारीनं डुगडुगीचा आवाज ओळखून हात केला. चढ लागल्यामुळं गाडी तशीही थांबतच होती. म्हातारीनं दार उघडायच्या भानगडीत न पडता त्यावरून पाय टाकला, मांडीवर टोपली घेतली आणि बसली.

"आजी, ही खाजगी गाडी आहे."

"आसूदे की. मला भवानीनगरला सोड."

"अहो, ही स्पोर्ट्स कार आहे!"

"व्हय का? मग दोगंच का घेतल्यात? आनकी धा जणं बसतील. तिकडं बग, ती दोगं हात करायल्यात." म्हातारीनं टोपलीतल्या बोरांतली मूठभर त्यांच्या हातात दिली. चढ चढायला इंजिनाला दम पुरेना, तेव्हा त्या दोघा हात करणाऱ्यांनी गाडी ढकलली, आणि ढकलली म्हणून हक्कानं मागच्या बंपरवर उभे राहिले. भवानीनगरला उतरताना साखरबाईनं गाडीच्या नाकावरून हात फिरवला. "गुणाचं हाय," ती म्हणाली. "पर ड्रायवर लई कुरकुर करतोय."

हिंदुरावांनी ही हकिगत घरी सांगितली नाही. बंपर वाकलेला होता, तो विजयमालाबाईंनी पाहिला. आणि त्या रात्रीच्या जेवणात बोरं होती, तीही त्यांनी पाहिली.

"कशाला एवढा त्रास?" त्या म्हणाल्या. "मला समारंभसुद्धा नकोय. शेवटचा तास घेईन, कुलूप लावीन, निघीन."

"निघशील कशी?"

"पायांनी," बाई म्हणाल्या आणि ताटं उचलली. पण आत जाताना त्या दारात थबकल्या, तेव्हा हिंदुरावांना कळलं की हिला वाटतंय त्यापेक्षा जड जाणार आहे. अकरा वर्षं पिंपळी. त्याआधी पंचवीस वर्षं इतर गावं. रजा म्हणून जी असते ती बाईंनी फारशी कधी घेतलीच नव्हती. गेले दोन महिने त्या झोपेत हजेरी घ्यायच्या. हिंदुराव जागे असले तर हळूच "हजर" म्हणायचे, की त्या शांत होत.

जानेवारी उजाडला तेव्हा धम्मदीपनं ट्रकवाल्यांना चार दिवस थांबायला सांगितलं आणि तिसरं इंजिन घेऊन स्वतः बारामतीला आला. हे दुधाच्या एका मॅटाडोर टेंपोचं डिझेल इंजिन होतं. चार सिलिंडर. ते पाहून इन्स्पेक्टरांनाही बरं वाटलं असावं. पुढच्या कॅम्पला त्यांनी ब्रेक तपासले, स्वतः शेजारी बसून एक चक्कर मारली आणि पुस्तकात नोंद केली. "आता ही मोटार झाली," ते म्हणाले. हिंदुरावांनी ते वाक्य घरी दोनदा सांगितलं.

एकच झालं. इंजिन होतं मोठं आणि गाडीचा मागचा भाग होता बावन्न सालचा, नाजूक. पासिंगनंतर पाचव्या दिवशी, गल्लीत क्लच सोडताच मागून कटकन आवाज झाला आणि चाकांना जोडणारा दांडाच तुटला. तारीख होती अठ्ठावीस जानेवारी.

बापूसाहेबांनी सल्ला दिला, "माझं ऐकाल तर बैल जुंपा." छबूबाई म्हणाल्या, आमच्या पावण्यांची जीप हाय. धम्मदीप मोटारसायकल काढून गेला आणि दुसऱ्या दिवशी भंगारातून एका जुन्या जीपचा मागचा सांगाडा घेऊन आला. चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, ज्यातून इंजिनाची ताकद चाकांना मिळते, तो या सांगाड्यात डाव्या अंगाला होता. गाडीला हवा होता उजव्या अंगाला. तीस तारखेपर्यंत ठोकाठोक चालली. अखेर धम्मदीपला युक्ती सुचली. सांगाडाच त्यानं पालथा घातला. डावं ते उजवं झालं. फिट्ट बसलं.

एकतीस जानेवारी, शुक्रवार. विजयमालाबाई सकाळी नेहमीच्या एस.टी.नं गेल्या. दुपारी हिंदुरावांनी कोट घातला, गाडीला झेंडूची माळ घातली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागं गेली. सरळ मागं, बापूसाहेबांच्या भिंतीपर्यंत.

"पहिला टाका म्हनलं आबा, रिव्हर्स न्हवं!"

"पहिलाच टाकलाय!"

दुसरा टाकला, गाडी मागं. तिसरा, चौथा, मागंच. धम्मदीप जमिनीवर बसला आणि बोटानं मातीत चाकं काढून बघितली. मग त्यानं कपाळाला हात लावला. "गोळा पालथा घातला की चाकं उलटी फिरणार. पहिलीतल्या पोराला कळंल. आबा, ह्या गाडीला आता चार गिअर मागं जायाचं, आन् एक पुढं. रिव्हर्स टाकला की पुढं जाईल."

साडेतीन वाजले होते. सगळं उलगडून पुन्हा बसवायला दोन दिवस हवेत. हिंदुरावांनी माळ सरळ केली. "पिंपळी आहे किती लांब? रिव्हर्समध्ये जाऊ."

आणि गेले. रिव्हर्स गिअर म्हणजे अंगणातून बाहेर निघण्यापुरता केलेला. त्यात सलग पिंपळीपर्यंत गेलं की तो कोल्ह्यासारखा रडतो. गाडी रडत रडत इंदापूर रस्त्यानं निघाली, मागं मोटारसायकलवर धम्मदीप, त्याच्या मागं स्कूटरवर बापूसाहेब. रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी भरलेला. बैल बिचकत होते, पण हिंदुरावांची मान ताठ होती. पावणेपाचला गाडी शाळेच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा समारंभ नको म्हणणाऱ्या बाईंसाठी अख्खं पिंपळी मैदानात जमलेलं होतं. सरपंचांचं भाषण संपत आलं होतं. मुलांनी गाडी पाहिली आणि भाषण संपलंच.

विजयमालाबाई ओट्यावर उभ्या होत्या. हातात नारळ, खांद्यावर शाल, चेहरा परीक्षेच्या दिवशी असायचा तसा घट्ट. त्यांनी हिंदुरावांकडं पाहिलं. कोट, माळ, घामानं ओघळलेलं गंध. त्यांचे ओठ किंचित हलले. त्या उतरून आल्या आणि गाडीत बसल्या.

आता फक्त झेंड्याच्या खांबाला वळसा घालून फाटकाबाहेर पडायचं होतं. हिंदुरावांनी रिव्हर्स टाकला. गाडी हातभर पुढं सरकली आणि आतून खर्रर्र करून एक आवाज आला, जणू कुणी दाढेनं खडा फोडला. गाडी थांबली. इंजिन चालू, चाकं गप्प.

धम्मदीप गाडीखाली गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन लोखंडी दात होते. तो बाईंकडं न बघता हिंदुरावांच्या कानाशी वाकला, पण मैदान इतकं शांत होतं की सगळ्यांनी ऐकलं. "आबा, पुढं जायाचा एकच गिअर व्हता. त्यो गेला. मागं जायाचं चारी शाबूत हायती."

हिंदुरावांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पाच महिने. तीन इंजिनं. पाच डबे ज्वारीचे. आणि शेवटी हिला सगळ्या गावासमोर खाली उतरवून एस.टी.च्या थांब्यावर न्यायचं. पोरं हसायला लागली होती. "माझं ऐकाल तर," एवढंच बापूसाहेब म्हणाले आणि खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसायला लागले.

"अहो," विजयमालाबाई म्हणाल्या. "तोंड वर करा. आपलं घर कुठल्या बाजूला आहे?"

"मागं," हिंदुराव म्हणाले.

"मग मागं चला."

गाडीचं तोंड शाळेकडं होतं, पाठ रस्त्याकडं. हिंदुरावांनी मान वळवून मागं बघितलं, पहिला गिअर टाकला, आणि गाडी सावकाश उलटी फाटकाबाहेर पडली. तोंड न फिरवता. बापूसाहेबांनी स्कूटर आडवी केली, उभी केली, सुरू केली आणि खांद्यावरचा लाल पंचा हलवत पुढचा, म्हणजे मागचा, रस्ता मोकळा करायला धावले. आयुष्यात पहिल्यांदाच ते सल्ला न देता काम करत होते.

मुलं गाडीसमोर धावत होती. बाई त्यांच्याकडंच तोंड करून बसलेल्या. हात हलवत होत्या, मधूनच ओरडत होत्या, "पायल, नाक पूस! सूरज, रस्त्याच्या कडेनं!" मुलं दमून एकेक करून थांबली. मग शाळा दिसत राहिली. पत्र्याचं छप्पर, झेंड्याचा खांब, फळा बाहेर आणून ठेवला होता तो. सगळं समोर, हळूहळू लहान होत. हिंदुरावांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांची मान मागं आवळलेली, नजर बापूसाहेबांच्या पंच्यावर. मध्येच एक उसाची गाडी बारामतीकडं निघालेली त्यांच्या समोर लागली. दोन बैल आणि विजयमालाबाई बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले. गाडीवाल्यानं हात जोडले. बाईंनीही जोडले. बैलांनी माना हलवल्या.

वळणावर छप्पर दिसेनासं झालं, तेव्हा कुठं त्या बोलल्या. 

"सकाळपासून एकाच गोष्टीची भीती वाटत होती मला. कुलूप लावल्यावर शाळेकडं पाठ कशी करायची. वळून बघायचं नाही, असं ठरवून ठेवलं होतं." त्यांनी शालीनं डोळे पुसले. "वळावंच लागलं नाही."

हिंदुरावांना तिच्याकडं बघायचं होतं, पण मान फिरत नव्हती. त्यांनी नुसता डावा हात गिअरवरून उचलून तिच्या हातावर ठेवला. गाडी थोडी रस्ता सोडून उसात गेली. बाईंनी तो हात उचलून परत गिअरवर ठेवला.

ती मान पुढं दोन दिवस फिरली नाही. रविवारी धम्मदीप हत्यारं घेऊन आला तेव्हा हिंदुराव मानेला मिठाची पुरचुंडी बांधून, डाव्या खांद्यावरून अंगणाकडं बघत खुर्चीत बसले होते.

"आज गोळा सुलटा करतो आबा. रिव्हर्सचा दात मिळंल तवा मिळंल, पर चार गिअर पुढं जातील."

"थांब जरा," विजयमालाबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला. "आधी मला शिकव."

"बाई, ही गाडी उलटी हाय! उलट्या गाडीवर कोण शिकतंय?"

"पाढे मी तुमच्याकडून शेवटून का म्हणवून घ्यायची, सांग. दहापासून खाली."

धम्मदीप चाळिशीचा माणूस, पण त्याचे हात आपोआप मागं बांधले गेले. "उलटा आला की सुलटा आपसूक येतो म्हून."

"मग? शिवाय मला आता कुठली एस.टी. गाठायचीये?" असं म्हणून बाई दार उघडून स्टिअरिंगसमोर बसल्या. "चल. क्लच कुठला?"

हिंदुरावांना मागून गाडीची नुसती पाठ दिसत होती. इंजिन लागलं. पलीकडं बापूसाहेब घाईघाईनं स्कूटर भिंतीआड घेत होते. गिअर पडला, धम्मदीप ओरडला, "हळू सोडा बाई, हळू!" आणि हिरवी गाडी झटका देऊन, गचके खात, हिंदुरावांच्या खुर्चीच्या दिशेनं मागं यायला लागली. हिंदुराव उठले, खुर्ची उचलली आणि दोन दिवसांत न फिरलेली मान फिरवून ओट्यावर चढले.